सवतीचा टाक

फणसवाडी, गिरगाव
१२ ऑक्टोबर १९५५

मीराबाई यांस नमस्कार.

आपली ओळख नाही. माझं नाव पद्मजा खोपकर. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं असून धातूंची शुद्धता तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते.

माझी आजी यशोदाबाई सीताराम खोपकर २१ ऑगस्टला वारली. तिच्या पेटीतल्या वस्तू माझ्याकडे आल्या आहेत. कोणती वस्तू कोणाची, घरात कधी आली, याची मी यादी करते आहे. वडिलांना विचारलं तर ते "जुनी आहे" एवढंच सांगतात. जुनी ही काही तारीख नव्हे. भांड्यांवर नावं आणि तारखा घातलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचं काम लवकर झालं. अडलं आहे ते क्रमांक सातपाशी.

क्रमांक सात म्हणजे चांदीचा टाक. उभी स्त्री, हात जोडलेले. उंची ३१ मिलिमीटर, वजन ५.८३ ग्रॅम, मागे लाख भरलेली. आजी दुसरेपणावर दिलेली होती. पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, या रीतीप्रमाणे आजोबा होते तोवर तिनं तो घातला. पहिल्या आजी चंपाबाई १९०५ साली प्लेगात गेल्या, यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नाही. परवा अविधवा नवमीला वडिलांनी नेहमीप्रमाणे टाकाची पूजा केली आणि चंपाबाईंच्या नावानं सवाष्ण जेवू घातली.

टाक ज्या फडक्यात गुंडाळला होता त्यात आजीच्या अक्षरातला एक कागद निघाला. त्यावर आपलं नाव आणि पत्ता होता. आपण टाक घडवणाऱ्या सोनारांपैकी आहात, की चंपाबाईंच्या माहेरच्या? जे माहीत असेल ते, शक्य तर तारखांसह, कळवावं.

पद्मजा खोपकर


देवजी चाळ, खोली २३, काळाचौकी
१९ ऑक्टोबर १९५५

पद्मजाबाईंस बकुळा रामदास परब हिचा नमस्कार.

पत्र मीरामावशीच्या नावाचं आहे, पण उत्तर मी लिहिते. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, "आता नवीन काय बघायचं राहिलंय?" मी गिरणीत वाइंडिंग खात्यात आहे, सातवी पास आहे. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. त्यानंतर मावशीनं मला वाढवलं. रक्ताचं नातं काही नाही.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचत होते. यशोदाबाई वारल्या हे वाक्य आलं तेव्हा मावशी म्हणाली, "थांब." नवमीला ती सकाळपासून दारात बसली होती. यशोदाबाई दर वर्षी नवमीला यायच्या. या वर्षी आल्या नाहीत म्हणून मावशी त्यांच्यावर रुसली होती. त्या कशा येणार होत्या ते तुमच्या पत्रावरून कळलं.

तुम्ही विचारलंत, सोनारांपैकी की माहेरच्या. दोन्ही नाही. ज्या चंपाबाईंना तुमच्या वडिलांनी परवा जेवू घातलं, त्या आत्ता माझ्या शेजारी बसून सुपारी कातरतायत.

तुम्हाला हे खोटं वाटेल. मला लहानपणी खरं वाटायचं, कारण दुसरं काही माहीत नव्हतं. यशोदाबाई नवमीचं ताट पितळेच्या डब्यात भरून आणायच्या. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, वर खण आणि वेणी. मावशी खाली पाट घेऊन जेवायची आणि मला घास द्यायची. म्हणायची, "ये गो, माझ्या श्राद्धाचं जेव. यशोदा करते बरं, पण वड्यांत मीठ कमी घालते. मेलेल्याला काय कळतंय असं वाटतं तिला." यशोदाबाई हसायच्या नाहीत. त्या पुढच्या वर्षी मीठ जास्त घालायच्या.

तुमचे आजोबा गेले तेव्हा दोघींचं कुंकू एकाच दिवशी पुसलं गेलं. त्यानंतर ताट बंद झालं. तरी यशोदाबाई यायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. एक डबा इथेच राहिला आहे. त्यावर त्यांचं नाव आहे.

बकुळा


फणसवाडी
२६ ऑक्टोबर १९५५

बकुळाबाईंस नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं विधान गंभीर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. रागावू नये.

नाव घातलेला डबा मोडीत विकला जातो, उसना जातो, हरवतो. त्यावरून नातं सिद्ध होत नाही. आजी तुमच्याकडे येत असे हे मी मान्य करते, कारण दर नवमीला दुपारी ती "देवळात जाते" म्हणून जायची आणि अंधार पडायच्या आधी यायची. पण ती कोणाकडे जात होती, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. एखाद्या निराधार बाईला ती जेवण नेत असेल. ती बाई स्वतःला काय समजत असेल, ते वेगळं.

मीराबाई जर चंपाबाई असतील, तर त्या वारल्या असं घरच्यांनी कशावरून धरलं? आणि जिवंत होत्या तर परत का आल्या नाहीत? त्या काळातला काही लेखी कागद आहे का? माझ्या वडिलांचं वय अठ्ठेचाळीस आहे. जन्मापासून ज्या टाकाला ते हात जोडत आले, त्याविषयी त्यांच्यापुढे मी पुराव्याशिवाय एक शब्दही बोलू शकत नाही.

पद्मजा खोपकर


काळाचौकी
७ नोव्हेंबर १९५५

पद्मजाबाईंस नमस्कार.

रागावले होते. म्हणून बारा दिवस लिहिलं नाही. मावशीच म्हणाली, "लिही. विचारणारी पोर आहे. त्या घरात अजून कोणी विचारलं नव्हतं."

ती सांगते तसंच लिहिते. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. जांघेत गाठ आली. प्लेगाच्या इस्पितळात नेलं. घरचे खोलीला कुलूप लावून गावी चेऊलला गेले. पंधरा दिवसांनी धाकटा दीर चौकशीला आला, पण आत जायला घाबरला. फाटकावरच्या माणसाला त्यानं खाटेचा नंबर विचारला. त्या खाटेवरची बाई काल गेली असं माणसानं सांगितलं. मावशीला त्याच्या आदल्याच दिवशी दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. दीर तसाच परत गेला. प्रेत नाही म्हणून चेऊलला दर्भाचा पुतळा करून जाळला आणि दहावं, बारावं, तेरावं सगळं केलं.

ती बरी झाली. म्हणते, एकटी चालत फणसवाडीला गेली. दारात नवी नवरी उभी होती, तेरा-चौदा वर्षांची. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्याखाली टाक. नवरीनं विचारलं, "कोण हवंय?" तेवढ्यात सासू बाहेर आली. तिनं भटजींना विचारलं तेव्हा त्यांनी म्हणे उपाय सांगितला. मेलेलं माणूस परत आलं तर त्याचे जन्मापासूनचे संस्कार पुन्हा करायचे, बारसंसुद्धा. सासू म्हणाली, "बारसं करीन, पण नाव कुठून आणू? ते नाव आता हिच्या गळ्यात आहे." म्हणून मावशीनं माहेरचं नाव घेतलं. मीरा. माहेरी तोवर कोणी उरलं नव्हतं.

यशोदाबाईंनी चार वर्षांनी तिला शोधून काढलं. कसं, ते मावशीला माहीत नाही. चाळीचा जिना चढताना त्या गळ्यातली माळ फिरवायच्या, म्हणजे टाक पाठीवर पदराखाली जायचा. मावशीला तो कधी दिसला नाही. तिनंही कधी मागितला नाही. "तिच्या तोंडावर कसं मागू? तिनं का स्वतःहून घातलाय?"

आता यशोदाबाई नाहीत. म्हणून मावशीचं एकच मागणं आहे. तिला तो टाक एकदा हातात घ्यायचा आहे. नको आहे, परत देईल. डोळ्यांना दिसत नाही, पण चाळीस वर्षं गिरणीत सूत हाताळलंय, तुटलेला धागा तिला बोटांनी कळतो. म्हणते, "माझं तोंड कसं काढलंय ते बघायचंय. लोक कोणाच्या पाया पडत होते ते कळू दे."

कागद आहे. इस्पितळातून सोडल्याची चिठ्ठी, इंग्रजी आहे. ट्रंकेत तळाशी असते. मी मागितली तर ट्रंकेवर बसली. "मी मेल्यावर बघ" म्हणते.

तुमच्याकडून येणं होत नसेल तर एखाद्या रविवारी मी येते. टाक द्या, तासाभरात आणून देते.

बकुळा


फणसवाडी
३० नोव्हेंबर १९५५

बकुळाबाईंस नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोर्टात मोर्चावर गोळीबार झाला, त्यामुळे प्रयोगशाळा तीन दिवस बंद होती. तुमच्या भागातही गडबड होती असं वाचलं. सर्व ठीक असेल अशी आशा आहे.

टाक घराबाहेर देता येणार नाही. तो पूजेतला आहे, आणि वडिलांना न सांगता मी तो हलवू शकत नाही. सांगायचं तर पुरावा हवा. चिठ्ठी असूनही मीराबाई ती दाखवत नाहीत, याचा अर्थ मी काय घ्यावा? चिठ्ठी दाखवावी, मी त्याच दिवशी टाक घेऊन येईन. एवढं मी लेखी देते.

तोवर एक सोय केली आहे. वडील बाजारात गेले असताना टाकाचा लाखेवर ठसा घेतला. तो डबीत कापसात ठेवून सोबत पाठवते. मीराबाईंना बोटांनी पाहता येईल. ठशात उंच ते खोल येतं, डावं ते उजवं येतं, हे त्यांना समजावून सांगावं. मागे लाख भरलेली असल्यामुळे मागच्या बाजूनं सुलटा ठसा घेता आला नाही.

पद्मजा खोपकर


काळाचौकी
१२ डिसेंबर १९५५

पद्मजाबाईंस नमस्कार.

डबी पोचली. रविवार होता, चाळीतल्या बायका जमल्या होत्या. शेजारच्या शेवंतीनं मावशीचे हात धुऊन दिले, जसं काही प्रसाद घ्यायचाय. मी उलटं-सुलटं समजावलं. मावशी म्हणाली, "कळतं गो. साच्यात असतं तसं."

तिनं करंगळीनं बघितलं, कारण तेच बोट मऊ राहिलंय. पायापासून सुरुवात केली. "हा निऱ्यांचा घोळ. हा पदर. हे हात जोडलेत. बांगड्या पण काढल्यात, तीन-तीन." खुशीत होती. शेवंती म्हणाली, "मावशी, ठुशी आहे का गळ्यात?" मावशी म्हणाली, "आहे, आहे, हौशी दिसतात लोक." मग बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. पुन्हा खालून वर आलं. पुन्हा थांबलं.

"बकुळा, इथे काय आहे?"

मी बघितलं. तोंडाच्या जागी काही नव्हतं, नुसती सपाट लाख होती. नाक नाही, डोळे नाहीत.

मी म्हटलं, ठसा नीट उठला नसेल. ती म्हणाली, "बांगड्या उठल्या, तोंड नाही उठलं?" आणि डबी बंद करून माझ्याकडे दिली. त्या दिवशी जेवली नाही.

चिठ्ठीचं विचारू नका. मी हातापाया पडले. "त्या चिठ्ठीत माझं काही नाही, दुसऱ्याचं आहे" एवढंच बोलली. पद्मजाबाई, तुमच्या घरापासून इथवर ट्रामनं अर्धा तास लागतो. तुम्ही पुरावा, पुरावा करताय. तुम्ही या आणि तिच्याकडे बघा. तुमच्या घरच्यांनी ती मेल्याचा काय पुरावा बघितला होता?

ठसा नीट उठला नव्हता ना? तेवढं तरी लिहा. मी तिला सांगते.

बकुळा


फणसवाडी
१५ डिसेंबर १९५५

बकुळाबाईंस नमस्कार.

ठसा नीट उठला नव्हता. लाख त्या जागी लवकर गार झाली. तसं सांगावं.

पद्मजा खोपकर


(कार्ड)
काळाचौकी
३ जानेवारी १९५६

पद्मजाबाई, मावशीला आठवडाभर ताप आहे. डॉक्टर छातीत कफ साठलाय म्हणतो. इंजेक्शन चालू आहे. रोज विचारते, "गिरगावातून काही आलं?" एवढंच कळवायचं होतं.

बकुळा


फणसवाडी
१४ जानेवारी १९५६

बकुळाबाईंस नमस्कार.

कार्ड मिळूनही अकरा दिवस गेले. या अकरा दिवसांत मी दोनदा लालबागपर्यंत आले आणि परत फिरले. कारण लिहिण्यासारखं नाही.

पुराव्याची अट मी काढून घेते. मंगळवारी, १७ तारखेला, प्रयोगशाळेतून अर्धा दिवस रजा घेतली आहे. चार वाजता मी टाक घेऊन येईन. वडिलांना सांगितलेलं नाही. ते विचारणार नाहीत, कारण टाक फक्त नवमीला बाहेर निघतो.

मीराबाईंना सांगावं की टाक हवा तेवढा वेळ त्यांच्या हातात राहील. मला घाई नसेल. त्यांना काय म्हणून हाक मारावी ते मला ठरवता आलेलं नाही. आल्यावर त्यांनाच विचारीन.

आज संक्रांत. सोबत तिळगूळ पाठवते. आजीच्या प्रमाणानं केला आहे. गूळ थोडा जास्त झाला आहे.

पद्मजा


काळाचौकी
२७ जानेवारी १९५६

पद्मजाबाईंस.

तुमचं पत्र सोमवारी दुपारी आलं. पत्र, तिळगूळ सगळं पोचलं. मी पत्र वाचून दाखवलं. मावशीनं तारीख तीन वेळा विचारली. चार म्हणजे उन्हं कुठे येतात तेव्हा, तेही विचारलं. खोलीत उन्हं मोरीच्या उंबऱ्यापर्यंत येतात तेव्हा, असं मी सांगितलं.

त्याच संध्याकाळी मुंबई आपल्याला मिळणार नाही हे रेडिओवर आलं आणि रस्त्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मंगळवारी आमच्याकडे कर्फ्यू होता. तुमच्याकडेही असणार. तुम्ही येऊ शकत नव्हता, हे मला कळतं. तिला कळलं नाही. नाही, खोटं कशाला लिहू. कळलं होतं. खाली आवाज होत होते, अश्रुधुराचा वास वर येत होता, सगळ्या चाळीनं ओली फडकी तोंडाला धरली होती. तरी तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली आणि धुतलेलं लुगडं नेसली. भिंतीला टेकून, उजवा तळहात उताणा मांडीवर ठेवून बसली. उन्हं उंबऱ्यावर आली, उंबऱ्यावरून गेली. हात तिनं मिटला नाही.

बुधवारी ताप वाढला. डॉक्टर येऊ शकत नव्हता. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "आली का ती?" मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आली, हे बघ तिनं दिलं." आणि फडताळातला एक जुना रुपया तिच्या तळहातावर ठेवला. वाटलं होतं, तापात काय कळणार आहे.

तिनं करंगळी फिरवली. अगदी हळू. कपाळ, नाक, दाढी. मग म्हणाली, "ही मी नव्हे गो. ह्याला दाढी आहे. हा राजा आहे." आणि हसली. खरंच हसली. शेवंतीपण हसली. मग म्हणाली, "राजाचं तोंड बरं झिजत नाही."

त्यानंतर बोलली नाही. दुपारी साडेबाराला गेली.

परवानगी काढून चौघांनी नेलं, त्यांत एक मी. पाचवा माणूस येऊ देईनात. स्मशानाच्या फाटकात नाव विचारलं तेव्हा मी चंपाबाई सीताराम खोपकर लिहायला सांगितलं. लिहिणाऱ्यानं विचारलं, तुम्ही कोण? काय सांगणार? मुलगी म्हटलं.

ट्रंक उघडली. चिठ्ठी सोबत पाठवते. मला इंग्रजी येत नाही. पण तुमची अट होती, पुरावा आला की टाक. पुरावा आला.

बकुळा


फणसवाडी
५ फेब्रुवारी १९५६

बकुळाबाई,

तुमचं पत्र ३० तारखेला मिळालं. तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते. मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सुतक एकदाच असतं. ते पाळून झालंय."

मी म्हटलं, "तेव्हा त्या जिवंत होत्या."

"आता नाहीत ना? मग झालं तर."

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. ती पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि चिठ्ठी मला परत दिली. पुन्हा चष्मा लावला नाही.

चिठ्ठीत काय आहे ते तुम्हाला कळलं पाहिजे. ती तुमच्या मावशींनी पन्नास वर्षं ज्याच्यासाठी झाकून ठेवली, तोही आता नाही. तीत लिहिलं आहे: चंपाबाई, वय एकोणीस, बरी झाल्यामुळे २७ एप्रिल १९०५ रोजी सोडली. त्याखाली, ताब्यात घेणाऱ्याचं नाव, नातं आणि सही. नाव सीताराम महादेव खोपकर, नातं पती. सही मी आमच्या घरातल्या सात पुस्तकांवर लहानपणापासून पाहिली आहे. शेवटच्या अक्षराची रेघ ते खाली ओढत. सही त्यांचीच आहे.

त्या एकट्या चालत आल्या नव्हत्या. आजोबा त्यांना घ्यायला गेले होते. कुठे नेऊन ठेवलं, ते चिठ्ठीत नाही. आमच्याकडे लग्नात आलेली चार भांडी आहेत. चारींवर ७ मे १९०५ ही तारीख घातली आहे. मधे दहा दिवस आहेत. टाक लग्नात गळ्यात घालतात. म्हणजे त्या जिवंत आहेत हे माहीत असताना आजोबांनी तो घालू दिला. सासूबाईंचं बोलणं खरं असेल. पण दारात त्या पोचल्या त्याच्या आधीच सगळं ठरलेलं होतं, आणि हे त्यांना माहीत होतं. दिराची चूक आणि खाटेचा नंबर एवढंच त्यांनी तुम्हाला सांगितलं. नवऱ्याचं नाव त्यात येऊ दिलं नाही.

मी पुरावा मागत राहिले. तो द्यायचा तर त्यांना हेच द्यावं लागलं असतं.

आता माझं. ठसा नीट उठला होता. लाख गार झाली नव्हती. मी खोटं लिहिलं. टाकावर तोंड नाही. पहिल्याच दिवशी भिंगाखाली धरला तेव्हाच मला ते दिसलं होतं, आणि तुमच्या मावशींना नेमकं तेच बघायचं आहे हे वाचल्यावर मी ते लपवलं. दोनदा लालबागहून परत फिरले ते त्यामुळे. त्यांच्या हातात काय देणार होते?

कापडानं घासून चांदी झिजते ती सगळीकडून झिजते. हा टाक कडेला अजून धारदार आहे. बांगड्या मोजता येतात. झीज फक्त तोंडावर आहे, साधारण अंगठ्याच्या रुंदीची. एकाच जागी, एकाच बोटानं, पुष्कळ वर्षं. आजी संध्याकाळी खिडकीत बसायची तेव्हा तिचा हात गळ्याशी असायचा. आजोबा गेल्यावर, टाक पेटीत गेल्यावरही, अंगठा तसाच हलत राहायचा. आम्ही ती तिची सवय समजत होतो. ती ते तोंड पुसत होती की जपत होती, ते धातूवरून सांगता येत नाही. मी प्रयत्न केला.

यादीतला क्रमांक सात दुरुस्त केला आहे. मृत्यू: १९ जानेवारी १९५६, पौष शुद्ध सप्तमी, काळाचौकी. यादी मी बाबांना वाचून दाखवली. ते ऐकत होते की नाही सांगता येत नाही. येत्या नवमीला ते सवाष्ण बोलावणार आहेत. त्या विधवा म्हणून गेल्या, नवमी आता त्यांची नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "पन्नास वर्षांचा नेम मोडायचा नाही."

टाक माझ्या टेबलावर आहे. तो तुमचा आहे. तुम्ही सांगाल त्या दिवशी आणून देते. आणि तुम्ही त्यांच्या हातात ठेवलेला तो रुपया अजून असेल, तर तो मला हवा आहे. त्यांनी शेवटचं बोटांनी पाहिलं ते त्यावर.

पद्मजा


(कार्ड)
काळाचौकी
१२ फेब्रुवारी १९५६

पद्मजाबाई,

रुपया नाही. कर्फ्यू उठला त्या दिवशी दुकान उघडलं, तेव्हा मिठातेलाला गेला. सहा दिवस घरात काही नव्हतं.

चिठ्ठीचं कळलं. मला थोडं वाटलंच होतं. नवमीच्या ताटात सुपारी नसली की ती तुमच्या आजोबांविषयी म्हणायची, "त्यांना आवडते, विसरली वाटतं यशोदा."

टाक आणू नका. तुमच्याकडेच राहू द्या. मला तिचं तोंड माहीत आहे.

बकुळा